परीक्षकांनी पाठीमागून हाक न मारल्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
सुदर्शना व्यवस्थापन महाविद्यालय,
अमरावती.

विषय : मौखिक परीक्षेत मला 'अनुपस्थित' न दाखवता परत हाक मारण्याबाबत.
संदर्भ : आपल्या फलकावरील निकाल, ज्यात माझ्या नावापुढे आडवी रेघ आहे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करते की, मी एमबीए मार्केटिंगच्या अंतिम सत्राची विद्यार्थिनी असून माझ्या प्रकल्पाचा विषय 'अमरावतीच्या कापडबाजारातील घासाघीस व ग्राहकाचे वर्तन' हा आहे.

१) अकोल्याहून आलेले परीक्षक प्रा. कुलदीप ठोंबरे यांनी प्रकल्प चाळून "प्रात्यक्षिक दाखवा. मी दुकानदार, गुण हा माल," असे स्वतःहून सांगितले. त्यांनी तीस गुण सांगितले, मी ऐंशी मागितले. सर रडतखडत बत्तीसवर आले. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागतात. तेव्हा बाजाराच्या रीतीप्रमाणे मी "राहू द्या मग" म्हणून पर्स उचलली व निघाले.

२) महोदय, गिऱ्हाईक निघाले की दुकानदार हाक मारतो, हे वलगावचे शेंबडे पोरही सांगेल. मी दारात रेंगाळले, जिन्यावर चपलेचा पट्टा उगाच नीट केला. पलटून पाहिले की गरज दिसते, म्हणून पाहिले नाही. हाक आली ती पुढच्या विद्यार्थ्याच्या नावाची.

३) शिपाई डोमाजी यांच्याकडून नंतर समजले की, सरही आत पेन उघडून बसले होते. "पोरगी पलटून पाहीन, मंग देतो चाळीस, म्हनत होते सर. तू पाह्यलंच नाही, तं ते तरी कावून आवाज देतीन?" असे डोमाजींचे म्हणणे आहे. माझ्या आईने हे ऐकून कपाळाला हात लावला. "एकडाव मागं पाह्याले का झालतं तुले?" असे ती आजतागायत विचारते.

४) त्यानंतर मी अकोल्यास जाऊन सरांच्या वर्गासमोरून सावकाश चालत गेले. सर दारात आले, तोंड उघडले आणि विद्यार्थी बघत आहेत हे दिसताच खोकले. परतीच्या बसमध्ये मला रडू आले. जो आधी बोलेल तो हरला, हे प्रकरण तीनमध्ये मीच लिहिले आहे आणि दुर्दैवाने सरांनी ते वाचले आहे.

५) अंजनगाव सुर्जीच्या एका बियाणे कंपनीने मला विक्री अधिकारी म्हणून निवडले असून महिनाअखेर गुणपत्रिका मागितली आहे. घासाघीस जमते का, असे मुलाखतीत विचारले होते. मी हो म्हणाले. मला ही नोकरी फार हवी आहे, महोदय.

सबब, मला पंचेचाळीस गुण द्यावेत. चाळीसही चालतील, परंतु ते सरांना इतक्यात कळवू नये.

हा अर्ज आवक खिडकीत देऊन मी फाटकाकडे निघेन. वेगाने चालणार नाही. या वेळी मी पलटून पाहणार आहे. तरी हाक मारण्यासाठी मोठ्या आवाजाचा एक कर्मचारी नेमण्यात यावा, ही विनंती.

आपल्या हाकेच्या अंतरावरील,
(सही)
नीलम नागसेन खंडारे
रा. वलगाव, जि. अमरावती
दि. १९ जून २०२५

सोबत : प्रवेशपत्र, नेमणुकीचे पत्र, प्रकल्पाची प्रत (प्रकरण तीन वगळून).