आकाशात फाटक नसतं

प्रिय बेरिल,

आणि तुझ्या पाठोपाठ, नवऱ्याशेजारच्या सीटवर बसून जन्मभर फाटकं उघडत आलेल्या या देशातल्या तमाम भगिनींनो! (पत्र तू एकटीच वाचणार हे मला ठाऊक आहे. पण सभा गाजवायची सवय लागलेल्या बाईला एकाच माणसाशी बोलणं जमत नाही, तेव्हा घटकाभर तूच गर्दी हो.) आमच्या घरापासून हमरस्त्यापर्यंत मेंढ्यांच्या कुंपणांची नऊ फाटकं आहेत. तुझ्याकडे तर त्याहून जास्त. रिवाज असा की चालवणाऱ्याने गाडी थांबवावी आणि शेजारी बसलेलीने उतरून फाटक उघडावं, गाडी पलीकडे गेली की ते लावावं आणि धूळ खात धावत येऊन पुन्हा बसावं. हा रिवाज कुणी पाडला? चालवणाऱ्याने! इतिहासाची एवढी जाडजूड पुस्तकं मी वाचली, पण इतका स्वस्त द्वारपाल एकाही सम्राटाला मिळालेला दिसला नाही.

असो. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या स्टॅनचा खोकला गेला का? मेंढ्यांची कातरणी आटोपली असेलच. इकडे सगळे बरे आहेत. पाऊस नाही, पण ती काही बातमी नव्हे.

बातमी अशी की मी तुझ्याकडे येतेय. विमानाने. स्वतः चालवत.

दचकू नकोस. विमान आमच्या नवरोजींनी, क्लॅरीनेच घेतलं होतं, लांबची कुंपणं आणि पाण्याच्या टाक्या वरून बघायला. जुनं आहे, दोन माणसांचं. पहिल्याच फेरीत क्लॅरीने सकाळचा नाश्ता स्वतःच्या नव्या टोपीत परत केला, आणि त्यानंतर विमान शेडमध्ये कोंबड्यांच्या ताब्यात गेलं. कोंबड्या हाकलून मी शिकले. मात्र आजवर शेजाऱ्यांच्या रानापलीकडे कधी गेले नव्हते. आईला मातीत पोचवून आलो त्यानंतर आपण दोघी बहिणी भेटलेलो नाही, बेरिल. दर वर्षी तू लिहितेस, "कातरणी झाली की निघते." कातरणी होते, मेंढ्या उघड्याबोडक्या होऊन गावभर हिंडतात, तू मात्र जागची हलत नाहीस. म्हणून मीच ठरवलं की विंडोरा, बर्ड्सव्हिल आणि मारी या वाटेवरच्या गावांत पेट्रोल घेत थेट तुझ्या दारात उतरायचं, फिरत्या डॉक्टरचं विमान उतरतं त्या पट्टीवर.

वाट आखायला क्लॅरीला बसवला. नकाशाकडे बघून म्हणतो, "सोपं आहे गं. तिसऱ्या फाटकाला उजवीकडे वळ, मोडक्या पवनचक्कीपर्यंत जा, मग मेलेल्या उंटापाशी डावीकडे."

"क्लॅरी, मी वरून जाणार आहे."

"मग तर झालंच! उंट वरून जास्त चांगला दिसेल."

शेवटी गावातल्या मिस्टर हॉरोबिनना शरण गेले. ते माझे गुरू. युद्धात विमानं चालवून आल्यापासून गरजेपेक्षा जास्त शब्द वापरत नाहीत. त्यांनी पेन्सिलीने सरळ रेघ मारायला शिकवली, वारा किती ढकलेल त्याचं गणित शिकवलं आणि म्हणाले, "होकायंत्र बघा, विनी. कुंपण बघू नका." आता, ज्या बाईने आयुष्यात कुंपण धरूनच वाट काढली, तिला हे सांगून उपयोग? सरावाच्या फेरीत खाली ओळखीचं कुंपण दिसलं आणि मी जुनी मैत्रीण भेटल्यासारखी त्याच्याबरोबर निघाले. कुंपण वळलं, मी वळले. ते पुन्हा वळलं, मीही वळले. अखेर मी अगदी शास्त्रशुद्ध रीतीने शेजारच्या मिसेस ट्रेथोवनच्या परसात उतरले. आपल्याकडे कुणाच्या दारात उतरून चहा न घेता निघणं म्हणजे त्या घराशी वैर. चहा झाला, लोणी लावलेले गरम स्कोन झाले, आणि तिसऱ्या स्कोनला माझ्या तोंडून सगळा बेत बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरत्या डॉक्टरांना बोलवायच्या रेडिओवर आम्हा बायकांच्या गप्पांची वेळ झाली, आणि तो बेत जिल्हाभर ऐकवला गेला. पुढचं तुला सांगायला नको. आपल्याकडे निघणाऱ्याने "काही न्यायचंय का?" असं विचारायचं असतं. मी विचारलं नव्हतं, तरी उत्तरं येऊ लागली. मिसेस ट्रेथोवनचं पुडिंग (तिच्या नणंदेसाठी, वजनावरून नणंदेवरचं प्रेम कळत नाही, राग कळतो). कुणाचं शिलाई मशीन. कुणाची मेंढपाळ जातीची कुत्री, तीही गाभण, म्हणजे चढताना एक प्रवासी आणि उतरताना सात! वर रेडिओवर क्लॅरीने माइक हिसकावून सगळ्यांना ऐकवलं, "विनी एकटी जाणार नाही. मी शेजारी बसेन. बादली घेऊन."

भगिनींनो, माझं रक्त उसळलं! त्या शेजारच्या सीटवर मी कुणालाही बसू देणार नव्हते. का, ते विचारू नकोस. हॉरोबिन म्हणाले, "वजन करा. सगळ्यांचं. खरं." मग लोकर तोलायच्या काट्यावर सगळं जिल्ह्यासमक्ष चढलं. मीही चढले, बुटांसकट, आणि आकडा ऐकून कुणी हसलं नाही (मी त्यांच्याकडे बघत होते). मशीन बाद झालं. कुत्री स्वतःच उतरून गेली. शेवटी जाडा कोट घालून क्लॅरी चढला आणि काटा असा आपटला की शेडमधली कबुतरं उडाली.

हॉरोबिननी हिशेब केला. "क्लॅरी, नाहीतर पेट्रोल."

"अर्धंच पेट्रोल भरा की," क्लॅरी म्हणाला.

"आणि अर्ध्या वाटेत तू उतरून ढकलशील?" मी म्हटलं. मग त्या काट्याशेजारी उभी राहून मी जे भाषण केलं, ते आमच्या महिला मंडळाच्या इतिहासात राहील. पुरुषाचा भार, स्त्रीचं आकाश, असं बरंच काही. टाळ्या पडल्या. क्लॅरी टोपी हातात घेऊन खाली उतरला. न्यायाचा विजय झाला, बेरिल! हॉरोबिननी परवानगी दिली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, वारा उठायच्या आत, मी निघणार.

स्टॅनला नमस्कार. पट्टीवरच्या मेंढ्या हाकलून ठेवायला सांग.

तुझीच,
विनी

ता.क. पुडिंग आणतेय. तेवढं बसलं.

ता.क. दुसरा. न्यायाच्या विजयाबद्दल वर लिहिलं ते जरा सांभाळून वाच. आत्ता क्लॅरीचा कोट धुवायला घेतला, तर खिशांत कुंपणाचे खिळे, एक हातोडी आणि नांगराचा फाळ निघाला. जाब विचारला. म्हणाला, "सगळ्यांसमोर 'येतो' असं बोलून बसलो होतो. आता नाही कसं म्हणणार? ते काट्यालाच म्हणायला लावलं." मग चहा ढवळत म्हणाला, "शिवाय ती सीट तू कुणासाठी ठेवलीयेस, ते मला कळत नाही का गं? बेरिल किती वजनाची असेल?"

ता.क. शेवटचा, आणि पत्र खरं याच्यासाठी. येताना ती सीट तुझी आहे. दोन आठवडे माझ्याकडे राहायचं, मग मीच परत सोडेन. तोवर स्टॅन स्वतःची फाटकं स्वतः उघडेल. हात धडधाकट आहेत त्याचे. माझ्याशेजारी तुला फाटकासाठी एकदाही उतरावं लागणार नाही. तेव्हा ऊठ, लोकरीच्या शेडमध्ये जा, बूट घालून काट्यावर उभी राहा, आणि तुझं खरं वजन मला तारेने कळव. डॉक्टरांना सांगतेस ते नको. तार इथे रेडिओवर मोठ्याने वाचतात, सगळा जिल्हा ऐकेल. ऐकू दे!