माझी कंबर आणि डाळिंबाचा अर्क

प्रिय ताई,

गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. तुझ्या पापण्या दिवसभरात किती जड होतात, जिना चढताना मधे कितीदा बसावं लागतं, यातलं काहीही मी विचारणार नाही. परवा 'आता मला कुठलंही नवं औषध नको' म्हणून तू फोन आपटलास, तेव्हा तो विषय संपला. हे पत्र फक्त माझ्या वजनाबद्दल आहे.

तर मी एका औषधाच्या चाचणीत नाव घातलं आहे. मोठ्या इस्पितळाच्या मागे, पूर्वी जिथे चादरी धुवायचे (अजून साबणाचा वास येतो), तिथे वयाबरोबर सुटलेल्या आम्हा बायकांना डाळिंबापासून काढलेल्या अर्काच्या गोळ्या देतात. देणारी डॉक्टरीण इतकी किडकिडीत, की वजनाच्या काट्याला तिचा पत्ताही लागू नये. तिने मला समजावलं, की आपल्या पेशीपेशीत इवल्या भट्ट्या असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात (म्हणून बघ, कवळी सांभाळून). वय झालं की त्या मंदावतात आणि खाल्लेलं कंबरेवर साठतं. काहींच्या मात्र जन्मापासूनच मंद. ते दुखणं बरेचदा आईकडून येतं म्हणे, एका मुलात जास्त उतरतं, दुसऱ्यात कमी. (आपल्या आईने तुला ते दिलं आणि मला तिची कंबर. वाटणीत नेहमीसारखं माझंच फावलं.) पण तो विषय नाही.

डाळिंब ऐकल्यावर मला कुठलं राहवतंय! गोळीच्या जोडीला मी घरी सालं उकळून काढा केला. पहिल्याच घोटाला जीभ टाळूला अशी चिकटली, की बराच वेळ तोंडातून शब्द फुटेना. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "औषध चांगलं दिसतंय. चालू ठेव." डॉक्टरणीला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "अहो काकू, तुम्ही घरी असले उद्योग केलेत तर गोळीचा गुण मला कळायचा कसा?" त्यात आमच्यातल्या निम्म्या जणींच्या गोळ्या खऱ्या आणि निम्म्यांच्या नुसत्या पिठाच्या. कोणाला कोणत्या, हे तिलाही ठाऊक नाही. तिथल्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका पहिल्यापासून ठणकावून सांगत होत्या, "माझी खरीच आहे, मला आतून हुशारी वाटते." परवा त्यांच्या पर्समध्ये सगळ्या गोळ्या जशाच्या तशा निघाल्या. घ्यायलाच विसरल्या होत्या.

त्या बाकावर बसलं की मला आपलं बोर्डिंग आठवतं. जेवणघराच्या दारात सिस्टर माशाच्या तेलाची बाटली घेऊन उभ्या, आणि रांगेत तू माझ्या पुढे. तू चमचा गिळायचीस, तोंड पुसायचीस आणि मागे वळून म्हणायचीस, "काही होत नाही, ढब्बू." (डोळ्यांत पाणी असायचं तुझ्या. मला दिसायचं.) तेवढ्यावर मी तोंड उघडायचे.

भाऊजींना नमस्कार. स्वतःला जप.

तुझी,
ढब्बू

ता. क. वजन दीड किलोने वाढलं आहे. भाऊजींना सांगू नकोस.

ता. क. आणखी एक. त्याच डॉक्टरणीच्या पलीकडच्या खोलीत त्याच अर्काची दुसरी चाचणी सुरू होते आहे, तुझ्या दुखण्याच्या माणसांसाठी. एक जागा तिने धरून ठेवली आहे. उंदरांना उपयोग झाला, माणसांचं अजून माहीत नाही, असं ती स्वतःच सांगते. आजवर तुला चूर्णं आणि अर्क विकून गेलेल्यांपैकी 'माहीत नाही' असं कोणी म्हटलं होतं का? आणि या वयात कंबरेसाठी दोन बस बदलून कोण जातं, ताई? (ह्यांना ती आहे तशी चालते.) या वेळी रांगेत मी पुढे उभी राहिले, इतकंच. गिळलं. काही होत नाही. सोमवारी तुला न्यायला येते. जिना बसत बसत उतरू, मलाही तसाच उतरावा लागतो.

ता. क. शेवटचा. माझ्या गोळ्या पिठाच्याही असतील. तरी ये.