थोरलीच्या तोंडातला गळ

शेणवा, तालुका शहापूर
गुरुवार, ता. ३ फेब्रुवारी १९४४

तीर्थरूप राघोमामांस,
कुंडलिकने पायांवर डोके ठेवले आहे असे समजावे.

आज सहाला उठलो. थंडी होती. आईने भाताचा गोळा करून दिला, तो डोहावर नेला. थोरलीने तो माझ्या हातून घेतला. दुपारी आई भात जेवली, सतरा दिवसांनी. आता ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलते आहे आणि मी हे पत्र लिहितो आहे.

मामींची कंबर कशी आहे? तुमचा खोकला घाटाच्या गारठ्याने वाढला असेल, रात्रपाळीला कानाला मफलर बांधत जा. इकडे सर्व सुखरूप, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. सुखरूप कोणी नाही. मला फार राग आला आहे. बाबांच्या मागे आता वडिलांच्या जागी तुम्हीच, म्हणून तो तुमच्याकडे पाठवतो आहे. (तुमच्यावर नाही. ज्याच्यावर आहे त्याचे नाव अजून कळलेले नाही.)

तुम्ही दहाव्याला होताच, पण ड्यूटी आहे म्हणून न जेवता निघून गेलात, त्यामुळे पुढचे तुम्हाला ठाऊक नाही. आधीचे ठाऊक आहे, तरी तेही लिहितो, कारण पत्र आमच्या शेतशेजारी अनंताच्या हाती देणार आणि अनंता ते वाटेत कोणाकडून तरी वाचून घेणार. अर्धवट वाचून त्याने गावभर भलतेच सांगू नये. तर आमच्या डोहातले मासे देवाचे, त्यांना कोणी मारत नाही. माणूस गेले की दहाव्याला पिंड आधी कावळ्याला ठेवायचा, आणि कावळा शिवला की उरलेला थोरल्या मुलाने डोहात उतरून हातावर धरायचा. डोहातली सर्वांत मोठी खडस, तिला आम्ही थोरली म्हणतो, ती वर येते आणि तो घेते. तिने घेतला की माणूस पोचले. तिने घेईपर्यंत घरच्या बाईने भात खायचा नाही. हे आजवर कधी अडले नव्हते. थोरली खादाड आहे.

बाबांच्या वेळी कावळा लगेच शिवला. मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो. थोरली आली, पिंडाला नाक लावले आणि मागे फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. तिसऱ्यांदा वळली तेव्हा सगळ्यांना दिसले, तिच्या ओठात गळ रुतलेला आणि मागे हातभर दोरी. ज्या बाबांनी तीस वर्षे या डोहावर पहारा केला, लोकांच्या गळाच्या काठ्या गुडघ्यावर मोडल्या, त्यांच्याच पिंडाला हे व्हावे! मी फार बोलणारा माणूस नाही. शाळेत मास्तरांनी विचारले तरी उत्तर पाटीवर लिहून दाखवायचो. त्या दिवशी मात्र पिंड हातात धरून मी साऱ्या गावासमोर ओरडलो, की ज्याचा हा गळ असेल त्याच्या पिंडाला कोणी शिवायचा नाही, तो असाच लोंबकळत राहील. (तुम्ही तेव्हा पिंपळाखाली उभे होता, ऐकलेच असेल. त्यानंतर लगेच तुम्हाला ड्यूटी आठवली.) आता गावातली पोरे एकमेकांना तोच शाप देतात. कोणी विटी लपवली तरी त्याचा पिंड लोंबकळतो.

आईने त्या दिवसापासून भात सोडला. नाचणीची आंबील पिऊन राहिली. पाचव्या दिवशी तिच्या चोळीच्या बाह्या दंडावर ढिल्या लोंबू लागल्या. तेव्हा गळ काढणे भाग होते, आणि मासा जिवंत राहायला हवा होता. कशाने काढायचा, या एका प्रश्नावर दोन तालुक्यांतली माणसे किती मूर्खपणाने बोलू शकतात ते मी सतरा दिवस ऐकले.

पहिली आईची सांडशी. सांडशी टोपाचा काठ धरायला केलेली असते, गळाला लावली की ती गरागरा फिरते. शेजारच्या बारकूने मासा धरला, मी सांडशी धरली. थोरलीने शेपटी मारली. बारकू पाण्यात गेला, सांडशी पाण्यात गेली. बारकू वर आला. तेव्हापासून आई पदराने टोप उतरवते आहे.

मग शहापूरला सोनाराकडे गेलो. त्याच्याकडे तारकामाचा बारीक चिमटा असतो. मी म्हटले, ओठातला गळ काढायचा आहे. तो म्हणाला, नथ अडकली का? मी म्हटले, मासा आहे. त्याने माझ्या मुंडलेल्या डोक्याकडे बघितले आणि फार दयेने चिमटा दिला. चिमटा चांगला होता, पण पोलादापुढे त्याची टोके बकरीच्या कानासारखी दोन बाजूंना वळली. परत द्यायला गेलो तर म्हणाला, मासाच घेऊन यायचा होता.

मुरबाडला एका दवाखान्यात ओळखीचा कंपाउंडर आहे. त्याने दात उपटायची पकड काढली आणि विचारले, दुखणारी दाढ वरची की खालची? मी सगळे पुन्हा सांगितले. (खडशीचे दात घशात असतात, ओठात नसतात. हेही मीच सांगितले.) त्याची पकड दाढेच्या मापाची, तिच्यात गळ बसेना. शेवटी त्याने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. मी विचारले, कोणी करायच्या? तर म्हणाला, पेशंटने. तो शिकलेला माणूस आहे.

परतताना म्हसा गावच्या जत्रेत शिरलो. सुतक फिटले होते तरी जत्रेत फिरायचे दिवस नव्हते, पण बैलांना नाल ठोकणारे तिथे बसतात आणि त्यांच्याजवळ लांब दांड्याची पकड असते. लढाईमुळे लोखंड मिळत नाही, एकानेच दाखवली. नमुना म्हणून त्याने माझ्या वहाणेतला खिळा उपटला. खिळा निघाला, त्याबरोबर तळही निघाला. तरी ती पकड घेतली आणि एका पायात वहाण घालून शेणव्यापर्यंत आलो. धर्मा लोहार मदतीला आला. त्याचे मत पडले, की मासा काठावर खडकावर आणायचा, एकाने त्याच्यावर बसायचे आणि पकडीने हिसका द्यायचा. मी म्हटले, ओठ फाटेल. तो म्हणाला, “फाटला तर फाटला रे! तिचं काय लगीन करायचं हाय?” तुमच्या घरची पिंडाची वेळ आली तर तुझ्यावर बसतो, असे मी त्याला म्हणालो. म्हणजे मनात म्हणालो. खडकावर मात्र तिला आणले, ते चुकले. तिचे दोन खवले निघाले. ती तोंड उघडमीट करत माझ्याकडे बघत होती. मीच हात काढला आणि तिला पाण्यात सोडले.

हे सगळे वरच्या ठाकूरवाडीची जिवली म्हातारी बघत होती. ती टोपल्या विकायला येते. ती म्हणाली, “एवडी बुकं शिकलास नि वडतोस कशाला रे? तो उलट्या दातानं धरून बसलाय. वडशील तेवडा आत जाईल. आला त्या वाटंनं मागं ढकल.” मी म्हटले, कशाने? तिने डोक्यावरची टोपली उतरवली, कोयतीने बांबूची बोटभर जाड, हातभर लांब कांडी तासली आणि टोकाला एक खाच पाडली. झाले. ते हत्यार.

काल बुधवारी दुपारी काढला. आईचे जुने लुगडे भिजवून पाण्यात झोळी केली, ती बारकूने आणि धर्माने धरली (धर्मा तोंड पाडून आला होता, पण आला). मासा पाण्यातच ठेवायचा. हात ओले करायचे, कारण जिवली म्हणाली, कोरडा हात तिला तव्यासारखा लागतो. डोके वर काढले की आपण दम धरायचा, “तुजा सुटंल तवा तिचाबी सुटला समज.” मी दोरी ताठ धरली, तिच्यावरून कांडी आत सरकवली, खाच गळाच्या वाकात बसली. एकदा खाली दाबले. गळ सुटला. माझा अर्धा दमही संपला नव्हता. सतरा दिवस, एक सांडशी, एक वहाण, सोनाराचा चिमटा, आणि अर्धा दम.

आता मुख्य गोष्ट. गळ माझ्यासमोर आहे. तो आपल्याकडचा नाही. आपली माणसे सुई तापवून वाकवतात. हा काळ्या पोलादाचा, विलायती, करंगळीएवढा. दांड्याला निळे रेशीम गुंडाळले आहे आणि त्यावर लाखेचा थेंब. तुम्ही रेल्वेत आहात. उंबरमाळीच्या रानात शिकारीला येणारे साहेब तुमच्याच कसाऱ्याला उतरतात. त्यांच्यापैकी कोणाजवळ, किंवा त्यांच्याकडून मिळवलेल्या कोणाजवळ असा गळ आहे, ते शोधून काढा आणि मला नाव कळवा. मी स्वतः येईन. बाबा शेवटचे दोन दिवस तापात सारखे “सोडवा तिला, सोडवा” म्हणत होते. आम्ही गाय सोडली. तरी म्हणतात, म्हणून म्हैसही सोडली. दोघींनी अनंताचे वालाचे शेत खाल्ले आणि बाबा तसेच गेले. अशा माणसाच्या पिंडाच्या आड जो आला, त्याला मी सोडणार नाही.

आपला भाचा,
कुंडलिक

ता. क. पत्र आईला वाचून दाखवले. ती शेंगा सोलत ऐकत होती. निळ्या रेशमापाशी तिने हात थांबवला. पुन्हा वाच म्हणाली. पुन्हा वाचले. ती आत गेली आणि बाबांचा चंचीखालचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात काळ्या पोलादाचा, निळ्या रेशमाचा, लाखेचा थेंब असलेला गळ आहे. दोन्ही आता शेजारी ठेवले आहेत. “तुजा बा वरसातून एकदा तिला काढायचा,” आई म्हणाली. “हातानं मोजायचा, किती वाडली ती, नि सोडायचा. या दिवाळीला राघोनं त्याला सायबाचे गळ आनून दिले. दोगं मिळून गेले व्हते. तो त्या टायमाला मोजून आला नाय, गप बसला.” मी विचारले, मला का सांगितले नाहीस? “तू इचारलंस कवा? तू तर शापच देत व्हतास.” मग ती हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. नंतर पुन्हा शेंगा सोलू लागली. शेंगा संपल्या होत्या, टरफलेच सोलत होती.

ता. क. दुसरी. मामा, तुम्हाला माहीत होते. पिंपळाखाली उभे होतात आणि माहीत होते. ज्याला मी शाप दिला त्याचाच पिंड माझ्या हातात होता, हे तुम्ही बघितलेत आणि ड्यूटीवर गेलात. दुसरा कागद नाही, शहापुरात मिळत नाही, म्हणून वरचे काही खोडत नाही. पहिल्या पानावर कंसात “तुमच्यावर नाही” असे आहे, तेवढे मात्र खोडले समजा. आणि बाबा कोणाला सोडवा म्हणत होते, तेही तुम्हाला माहीत होते. अनंताचे वाल वाचले असते.

ता. क. तिसरी. आई म्हणते, गळ तीन होते. एक डब्यात आहे, एक काल काढला. तिसरा कुठे ते तुम्ही सांगायचे. डोहात असेल तर कोणाच्या तोंडात, तेही. सोमवारी बाबांचे मासिक श्राद्ध आहे, रजा काढून या. पकड आणू नका, कांडी माझ्याजवळ आहे. झोळी धरायला माणूस लागतो, मासा ज्याच्या हाताला ठाऊक आहे असा. बाबा नाहीत. या वेळी जेवून जा.

हे पत्र घडी घालून भाताच्या शितांनी सगळीकडून चिकटवतो, म्हणजे अनंताला उघडता येणार नाही. उरलेला भात वाडग्यात घेऊन डोहावर जातो. एकेकीला चारून तोंडे बघायची आहेत.