काकांच्या बोटावरची भाकर

नियमशास्त्रधुरंधर, दशाज्ञापरिपालनैकव्रती, मद्यपिकुलकालांतक, बेलापूर पंचक्रोशीतील समस्त विद्यार्थिवर्गाचे कर्णमर्दक, मंडळीचे आजीव ज्येष्ठ पंच आणि प्रभुभोजनाच्या मेजाचे अष्टौप्रहर रक्षक, म्हणजे पप्पा, सलाम.

एवढ्या उपाधी आपल्या कबरीच्या शिळेवर मावल्या नाहीत, म्हणून येथे अर्पण करतो. वृत्त असे की आपले कनिष्ठ बंधू, आमचे काका, गेल्या मंगळवारी निवर्तले. त्यांच्या यकृताने अखेर राजीनामा दिला. देह घरात बर्फाच्या लादीवर होता आणि त्याला माती कोठे द्यावी याचा निर्णय करण्यासाठी आम्ही पंच चर्चमध्ये बसलो होतो. अडचण आपणच निर्माण करून गेला होता. प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षरसातून बंद केलेल्या मनुष्यास मंडळीच्या दफनभूमीत जागा नाही, हा ठराव आपला. काकांना बंदही आपणच केले, कारण नाताळच्या उपासनेत ते पिऊन मेजापाशी आले होते. तेव्हापासून ते दाराजवळच्या सतरंजीवर बसत आणि भाकरीचे ताट फिरू लागले की हात गुडघ्यांवर ठेवून खाली पाहत. मंडळीसमोर पश्चात्ताप जाहीर केला असता तर बंदी उठली असती; पण ते म्हणत, "उद्या परत पिणार हाय मी. देवाम्होरं खोटं कशाला बोलू?" या प्रामाणिकपणासाठी आपल्या नियमावलीत कलम नव्हते.

पुढे पक्षाघाताने आपली वाचा आणि उजवे अंग हिरावले. नगरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटले. आई आधीच गेलेली, मला नोकरी, आणि सुनेच्या हातचा घास आपण थुंकून टाकत असा. तेव्हा रोज सकाळी, शुद्धीत असतानाच, काका येत आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टाकलेल्या आपल्या खाटेवर बसून बोटाने आपल्याला पेज भरवत. ज्या बंधूंना आपण मेजावरून उठवले, त्यांच्याच बोटावर आपला प्राण टिकून होता. या विषयावर आपले मत काय, हे विचारण्याची सोय उरली नव्हती.

ती एक सकाळ मात्र अजून सरलेली नाही. चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले आहेत. ते भाकरीचा तुकडा ओठांशी नेतात, आपण दात मिटून घेता. मी यत्न करतो, व्यर्थ. अखेर पाळकसाहेब ताट काकांपुढे धरतात. काका प्रथम हात मागे नेतात. मग बोटे सदऱ्याला पुसतात, तुकडा द्राक्षरसात भिजवतात आणि आपल्या गालात हळूच सारतात. "दादा, गिळ. पेज न्हाई ही, प्रभू हाय." आपण गिळता. त्यांच्या बोटाला ओला चुरा चिकटून राहतो. बंदी असलेल्या मनुष्याने तो खायचा नाही, आणि प्रभूचे शरीर सदऱ्याला पुसायचेही नाही. बोट तसेच उभे धरून ते विचारतात, "साहेब, ह्याचं काय करू?" पाळकसाहेब आपल्याकडे पाहतात. आणि आपला डावा हात उठतो, काकांचे मनगट धरतो आणि ते बोट त्यांच्याच तोंडाकडे ढकलतो. काका तो चुरा तोंडात घेतात आणि ओठ मिटतात. त्या दुपारीही ते प्यायलेच.

हे सारे मी पंचांना सांगितले. पाळकसाहेब केव्हाच प्रभूकडे गेल्यामुळे साक्षीदार मी एकटाच. आमचे सेक्रेटरी आपले विद्यार्थी. आपल्याच सुरात त्यांनी विचारले, पुढे काका सुधारले का? मी म्हणालो, नाही. "मग त्यांना आत घ्यायचं कशाच्या आधारावर?" मी म्हणालो, "पप्पा ज्या आधारावर आत आहेत, त्याच." त्यांनी चष्मा पुसला. "मास्तरांनी ते मुद्दाम केलं, का आजारात हात हलला?" मी उत्तरलो, "मुद्दाम." शेवटी आमच्यातील एक म्हाताऱ्या पंचबाई म्हणाल्या, "मग खणा की. बर्फ वितळतोय तिकडं." काका आता आपल्या डाव्या हाताला आहेत.

हे पत्र धाडायचे नाही हे ठरलेलेच आहे. आपण ते लाल शाईने तपासून परत पाठवाल. म्हणून येथे लिहिण्यास हरकत नाही: तो हात मुद्दाम उठला, हे मला ठाऊक नाही. त्या दिवसांत तो आपोआपही उठत असे, उशीवर, पेल्यावर, एकदा माझ्या कानशिलावरही. मी आपला चेहरा पाहिला होता. त्यावर काहीच लिहिलेले नव्हते. आपण तो हलवला नसेल तर कोणी हलवला, हा विचार मी पुरा होऊ देत नाही.

बाकी दफनभूमीच्या फाटकाची कडी तुटली आहे. शेळ्या आत शिरून काकांवरचे हार खातात. पंच म्हणतात हे काम ग्रामपंचायतीचे, ग्रामपंचायत म्हणते मंडळीचे. तूर्त मी फाटक सुतळीने बांधले होते. ती सुतळीही शेळ्यांनी खाल्ली.