टॉवेल काढून वाजवायचा ढोल

मी, एलेना हारुए तोकुनागा, वय ५७, राहणार जपानमधले हामामात्सु, जन्म ब्राझीलमधल्या पाराना प्रांतात, आजी-आजोबा जपानचे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पुरेशा रागात लिहून ठेवते. रागाने माझी बुद्धी फिरली असे कोणी म्हणालेच, तर डॉक्टरांना विचारावे. पुढच्या महिन्यात ते माझे हृदय उघडणार आहेत, डोके नव्हे.

१. नदीकाठचे घर गियरच्या कारखान्यातल्या माझ्या कमाईचे आहे. ते भाची रोझांजेला हिला द्यावे. जिना उभा आहे, पण तिचे गुडघे तरुण आहेत. अट एकच: रविवारी अंगणात कोळशावर मांस भाजणे बंद करू नये. धूर कुठे जाईल ते वाऱ्याने बघावे. बँकेतली शिल्लकही तिचीच. अंत्यविधीत काटकसर करावी, जेवणात करू नये.

२. याआधीच्या मृत्युपत्रात घराचा तळमजला नोगामी सुमिए हिच्या सांबा नाचाच्या पथकाला दिला होता. ते मृत्युपत्र रद्द. कारणे पुढे येतीलच.

३. शिवणयंत्र आणि नाचाच्या पोशाखांसाठीच्या पिसांच्या पेट्या पथकातल्या नव्या मुलींना द्याव्यात, सुमिएला नाही. वीस वर्षांपूर्वी ही बाई माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही खऱ्या ब्राझीलच्या ना? मला सांबा शिकवा." मी कंबर हलवायला शिकवले, ढोल शिकवला, गाण्यांचे उच्चार घासून घेतले. मग ती बारा दिवस रिओला जाऊन आली, आणि तेव्हापासून ब्राझील कसा असतो हे ती मला सांगत आली.

पथकाच्या मिरवणुकीच्या दिवशी म्हणाली, "एलेना, तू मागे थांबून कपडे सांभाळ ना गं. तुझा चेहरा अगदी आम्हा जपान्यांसारखाच. लोक ब्राझील बघायला येतात." मग दिव्याखाली अंग भाजून तांबूस केलेली ती पुढे नाचली. मला काही वाईट वाटले नाही, असे मी तेव्हा म्हणाले होते. ते विधान येथे मागे घेते.

४. काळ्या घेवड्याचा रस्सा शिजवायचे मोठे पातेले सुमिएच्या कॅफेत आहे. ते परत मागू नये. फलकावर 'अस्सल ब्राझिली घरची चव' लिहिलेल्या त्या रश्श्यात ती चमचाभर जपानी मिसो घालते, एवढे गिऱ्हाइकांना कळवावे.

५. हृदय कुरकुरू लागल्यावर डॉक्टरांनी जिना बंद केला. सुमिएच्या इमारतीत लिफ्ट आहे आणि एक घर रिकामे होते. मी अर्ज केला. ती रहिवासी मंडळाची अध्यक्ष, म्हणून मी निर्धास्त होते. आठवड्याने घरांचे एजंट ओबा मान खाली घालून आले. आमची मैत्री त्यांना ठाऊक नव्हती. म्हणाले, "मंडळाला नको आहे. ब्राझीलची माणसं रविवारी मांस भाजतात, गाणी लावतात, कचरा भलत्या दिवशी टाकतात, असं अध्यक्षबाईंचं म्हणणं. त्यांना ब्राझीलची चांगली माहिती आहे म्हणे."

आहेच. ते मांस तिने वीस वर्षे माझ्याच अंगणात खाल्ले. मिरवणुकीला मी ब्राझीलची कमी पडले, इमारतीला जास्त झाले. कचरा मात्र मी कधीही चुकीच्या दिवशी टाकलेला नाही, हे मृत्युपत्रात नोंदवणे मला आवश्यक वाटते.

त्यानंतरही ती सरावाला आली, माझ्या शेजारी बसली आणि "घर मिळालं का गं कुठे?" असे विचारले. मी "बघतेय" म्हणाले.

६. आता ढोल. वडिलांनी पारानात शेळीच्या कातड्याने मढवलेला. नदीवर सराव करताना शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यावर पहिला टॉवेल सुमिएनेच घातला. तेव्हापासून इथे कोणी त्याचा खरा आवाज ऐकलेला नाही. दुसरा ठोका जिथे पडायला हवा तिथे पाडणारी पथकात ती एकटीच आहे. हे लिहिताना हात जड होतो, पण खोटे लिहून मरायचे नाही.

म्हणून ढोल सुमिएला द्यावा, पण असा: माझ्या अंत्यविधीच्या दिवशी, भर दुपारी, तिने तिच्या इमारतीच्या दारात टॉवेल काढून तो वाजवावा. कोणी खिडकीतून विचारले, तर कोणासाठी वाजवते आहे ते माझ्या पूर्ण नावाने सांगावे. तसे केले तर ढोल तिचा, आणि माझ्याकडून काही बाकी नाही.

न केल्यास ढोल रोझांजेलाला द्यावा. टॉवेल सुमिएला.

सही: एलेना हारुए तोकुनागा (सहीच्या शिक्क्यावर 'एलेना' मावत नाही, म्हणून नुसते तोकुनागा)

साक्षीदार: १. ओबा शिगेतो, एजंट. घर देता आले नाही, निदान सही देतो म्हणाले.
२. वाल्देमार सुगिमोतो, कारखान्यातले जुने सहकारी.

हामामात्सु, ३ ऑक्टोबर २०१९