धूळ कोणी पुसली?

प्रिय धाकट्या,

तुला आणि तुझ्या बायकोला आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. सांगितलेले व्यायाम तू करत नसणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा उत्तर पाठवू नकोस. (पस्तीस वर्षं मेट्रन होते. रोगी खोटं बोलतोय हे मला त्याच्या पांघरुणाच्या घडीवरूनही कळायचं.) माझा रक्तदाब परवापर्यंत उत्तम होता. परवा दुपारी जे पाहिलं, त्यानंतर मी तो मोजलेला नाही, कारण यंत्राची दया आली.

तू लिहिलं होतंस, "ताई, ठकी तुझ्याकडे राहून नक्की काय उद्योग करते ते एकदा डोळ्यांनी बघ. तू नको म्हणालीस तर शनिवारी तिला घेऊन येतो. माझ्या मित्राच्या ऑफिसात जागा आहे, शनिवारपर्यंतच तो थांबेल." म्हणजे तुझ्या मुलीच्या आयुष्याचा निकाल तू माझ्यावर टाकलास आणि स्वतः गुडघा धरून बसलास. ठीक आहे. मी पाहिलं. आता बसून वाच.

तुझी कन्या सिनेमाचे सेट सजवते असं तू लोकांना सांगतोस. सजवते? धाकट्या, ती चांगल्या वस्तूंची वाट लावते! कोरं करकरीत पडद्यांचं कापड आणलं आणि माझ्या स्वच्छ बादलीत चहाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. नवी ट्रंक गच्चीवर नेऊन सायकलच्या साखळीने बडवली. मी विचारलं, हिने तुझं काय बिघडवलं? तर म्हणे, "आत्या, ही तीस वर्षं पलंगाखाली होती." काल दुकानातून आणलेली ट्रंक! यावर कडी म्हणजे ती लोकांच्या दारात जाऊन नवं पायपुसणं देते आणि त्यांचं झिजलेलं मागून आणते. समोरच्या वकिलीणबाई मला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, "मेट्रनबाई, काही अडचण असेल तर संकोच करू नका हो." माझ्या सात पिढ्यांत कोणी कोणाचं पायपुसणं मागितलेलं नाही.

असो. परवा ती डबा विसरली (मुद्दाम विसरली असं तिचं म्हणणं नाही, माझं आहे; बापाने हेर नेमलाय हे न कळण्याइतकी ती भाबडी नाही). मी डबा घेऊन शूटिंगच्या जागी गेले. एका मोठ्या गोदामात खोली उभी केली होती. खोलीला तीन भिंती. चौथी कुठे आहे विचारलं, तर सुतार म्हणाला, "ती बाहेर ठेवलीय, लागली की लावतो." भिंतीवर बटणं, पण मागे वायर नाही. खिडकीबाहेर झाड, पण झाडाला बूड नाही, फांदी स्टुलावर बसलेल्या एका माणसाने हातात धरलेली. तो मला "या मावशी" म्हणाला आणि त्याच हाताने नमस्कार केला, त्याबरोबर अख्खं झाड वाकलं. मी पाणी मागितलं आणि एका खुर्चीवर टेकले. खुर्चीसुद्धा खरी आहे ना, हे आधी दाबून पाहिलं.

गोष्ट अशी होती म्हणे: एकटी राहणारी म्हातारी वारली आहे, खोली चार वर्षं बंद आहे, आणि मुलगा आज कुलूप उघडून आत येतो. सकाळी अर्धा प्रसंग झाला होता, मुलाने आत येऊन टेबलावरून बोट फिरवलं होतं. उरलेला अर्धा जेवणानंतर. सगळे जेवायला गेले. ठकी मला म्हणाली, "आत्या, इथेच बस हं, मी आलेच. आणि हे बघ, कशालाही हात लावू नकोस."

आता तूच सांग. मला, जिच्या वॉर्डात मुख्य डॉक्टर बूट पुसून आत यायचे, तिला अशा खोलीत एकटीला बसवायचं! कपाटावर बोटभर धूळ, पलंगाखाली धुळीचे गोळे, कोपऱ्यात जाळी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रोज पांढरा रुमाल आमच्या बाकांवरून फिरवायच्या, आणि रुमालाला डाग पडला तर दिवसभर तोच रुमाल खांद्याला टाचून फिरावं लागे. एकदाच टाचला गेला होता. नंतर साठ वर्षं नाही. मला वाटलं, पोरीला कामातून फुरसत मिळाली नाही, लोक परत येऊन काय म्हणतील? पिशवीत फडकं होतंच. (माझ्या पिशवीत नेहमी असतं. हसू नकोस.) पंचवीस मिनिटांत मी ती खोली अशी केली की तिथे ऑपरेशन करता आलं असतं.

पुसताना पलंगाशी आले तेव्हा मात्र हात थांबला. दिव्याच्या बटणाला एक परकराची नाडी बांधली होती, तिचं दुसरं टोक उशाकडच्या दांडीला. पलंगावरून न उठता दिवा मालवता यावा म्हणून. आई शेवटच्या वर्षी असंच करायची, आठवतं? आपण दोघंही तिला हसलो होतो. ठकी तेव्हा सहा वर्षांची असेल, दारात उभी राहून नुसती बघायची. मी उगाच ती नाडी ओढून पाहिली. दिवा लागणार नव्हताच, मागे वायर कुठे होती? तरी ओढली.

मग मंडळी परतली. दिग्दर्शक (दाढी आहे, वय नाही) ओरडला, "धूळ कुठे गेली?" इतक्या आर्ततेने तर माझ्या वॉर्डात कोणी हरवलेली कवळीसुद्धा विचारली नव्हती. तेव्हा मला कळलं की ती धूळ म्हणजेच ठकीचं काम. दोन दिवस वस्त्रातून गाळून माती बसवली होती तिने, कपाटावर जाड, टेबलावर पातळ, आणि मधे औषधाची बाटली उचलली गेल्याचं गोल रिकामं वर्तुळ. सकाळच्या अर्ध्या प्रसंगात मुलगा चार वर्षांच्या धुळीत शिरला होता, दुपारच्या अर्ध्यात तो दवाखान्यात उभा राहणार होता!

ठकीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या ओल्या फडक्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "माझी चूक झाली, सर. मी खोली मोकळी सोडायला नको होती."

आणि मी काय केलं, धाकट्या? ज्या बाईने आयुष्यभर नर्सपोरींना 'चूक कबूल करा' म्हणून उभं केलं, ती फडकं पिशवीत लपवत होती. पोरीने मोबाइलमधले सकाळचे फोटो पुढे ठेवले आणि दोन तास गुडघ्यांवर बसून धूळ परत आणली, ते वर्तुळ, त्या मुलाच्या बोटाची रेघ, सगळं. प्रसंग पुरा झाला. तो संपल्यावर दाढी तिला म्हणाली, "उद्यापासून तू येऊ नकोस."

तर हा धंदा असा आहे: घाण करायची, ती जपायची, आणि दुसऱ्याच्या स्वच्छतेपायी नोकरी घालवायची. मी हादरले आहे. असल्या ठिकाणी आपल्या घरातली मुलगी असावी का, हे तू विचारलंस. माझं मत वर स्पष्ट झालं असेलच.

तुझी,
ताई

ता.क. मत स्पष्ट झालं नसेल, तर लिहिते. काल सकाळी मी त्या दाढीच्या घरी जाऊन धूळ मी पुसली असं सांगितलं. तो टोस्ट खात होता. टोस्ट बशीत ठेवून म्हणाला, "एकटीने? पंचवीस मिनिटांत? जाळ्यांसकट?" मग म्हणाला, "तिला पाठवा. तुम्ही येऊ नका." ठकी आज कामावर गेली.

ता.क. २. तुझ्या मित्राला मी फोन करून कळवलं की शनिवारी कोणीही येणार नाही. तो बराच चिडला आहे. त्याचं तू बघून घे, मित्र तुझा आहे. आणि ठकीला एक फोन कर. उपदेश नको, फक्त 'आज काय बनवलंस' एवढंच विचार.

ता.क. ३. हे पत्र खरं यासाठी: गुरुवारी तुझ्याकडे टेंपो येईल. दिवाणखान्यातला तुझा सोफा त्यात चढवून दे. पुढच्या सिनेमात एक हेकट बाप आहे, मुलीशी बोलत नाही, दिवसभर एकाच जागी बसून असतो. ठकी म्हणते, तुझी बसायची जागा जिथे खचली आहे ना, तसा खळगा तिला बनवता येणार नाही. तो उशी घालून सारखा करू नकोस.