नऊ मुंग्यांची चिठ्ठी

येडशी,
रविवार, सकाळ

प्रिय शिवांजली,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी दचकली असशील आणि मग चिडली असशील. चिड बाई, पण फाडू नकोस. पत्ता तुझ्या आईकडून मिळाला. काकू स्टेशनाजवळ भाजी घेत होत्या, आणि मी इतक्या घाईनं विचारलं की त्यांना वाटलं, माझ्या घरी काहीतरी बरंवाईट झालंय. फोन का नाही केला म्हणशील. तीनदा लावला गं, तिन्ही वेळा रिंग जायच्या आत कट केला. गेले पंधरा दिवस माझं असंच चाललंय. दूध उतू जातं. वर्गात शिकवता शिकवता मधेच थांबते आणि पोरं एकमेकांकडं बघायला लागतात. परवा तर धाराशिवहून येताना एसटी येडशीला थांबली तरी मी आपली बसलेलीच. कंडक्टरनं विचारलं, बाई, कळंबला जायचंय का, तर मी हो म्हणाले. पुढच्या फाट्यावर भानावर आले, उतरले आणि उन्हात परत चालत आले. कळंबला येऊन तुझ्या दारात काय सांगणार होते, कुणास ठाऊक.

बातमी आधी सांगते, नाहीतर ती तशीच राहील. मुंगी नवी आहे. रामलिंगच्या जंगलातली, वाळक्या पोकळ फांदीत राहणारी, मधाच्या रंगाची आणि मागं काळ्या टोकाची. जगात कुणीच तिचं वर्णन केलेलं नाही. मी दोन वर्षं भिंगाखाली तिची मापं घेतेय. लांबी सव्वाचार मिलिमीटर, कमरेला दोन गाठी, डोळे जवळजवळ अर्ध्या डोक्याएवढे, आणि खांद्यावर चार उभे केस. तिच्या सगळ्या बहिणींना, म्हणजे जवळच्या जातींना, दोनच असतात. ह्या चार केसांसाठी मी तीन संग्रहालयांशी पत्रव्यवहार केला आणि चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. आई म्हणते, लोकांच्या पोरी डोक्यावरचे केस सांभाळतात, आमची मुंगीचे मोजते. लेख नियतकालिकानं घेतलाय. फक्त तपासणाऱ्यांनी एक विचारलंय: वारूळ नाही म्हणता, तर ती फांदी नेमकी कुठल्या झाडाची, कुठल्या जागेवरची? तिथून आणखी मुंग्या मिळतील का? वीस तारखेपर्यंत कळवा.

एवढंच विचारलंय, आणि मला बसवत नाहीये.

ह्या महिन्यात चारदा रामलिंगला जाऊन आले. देवळाच्या वरच्या चढावरची प्रत्येक वाळकी फांदी वाकून बघितली. एक माकड खांद्यावर येऊन बसलं आणि बिस्किटाचा पुडा घेऊन गेलं, तेव्हा तुझी इतकी आठवण आली की तिथंच मोठ्यानं हसले. आठवतं, पहिल्या वर्षी त्यांनी आपली अख्खी पिशवी पळवली होती, आणि तू झाडाखाली उभी राहून त्यांना हात जोडत होतीस? मी शिव्या घालत होते. तुझं सगळं तसंच, धीराचं. मी पुस्तकं पाठ करायची आणि जंगलात दहा मिनिटांत कंटाळायची. तू एका झाडापाशी दोन दोन तास बसायचीस, आणि मुंगी आपल्या पायानं तुझ्याकडं यायची. मला त्याचा राग यायचा, शिवे. तुला कधी कळू दिलं नाही, पण लई राग यायचा.

आता सहा वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारचं लिहिते. मी सोनारीला होते, मामाचा नवस होता भैरोबाला. तू एकटीच रानात गेलीस आणि संध्याकाळी एका नळीत नऊ मुंग्या घेऊन आलीस. चिठ्ठीसुद्धा लिहिली होतीस, जागा, तारीख, नाव, सगळं. फक्त पेन्सिल आदल्याच आठवड्यात माकडांनी पळवलेल्या पिशवीबरोबर गेलेली, म्हणून बॉलपेननं लिहिलीस. स्पिरिटमध्ये बॉलपेन टिकत नाही हे आपल्याला कल्याणप्पा सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. आठ दिवसांनी नळी उघडली तर आतलं पाणी निळं आणि चिठ्ठी कोरी. सर तुला सगळ्या लॅबसमोर बोलले. चिठ्ठी नसलेली मुंगी म्हणजे नुसती मेलेली मुंगी, किराणा दुकानात पायलीभर मिळतात, असं म्हणाले. तू मान खाली घालून उभी होतीस. तुझी वही घरी होती आणि वहीत सगळं लिहिलेलं होतं, हे मला माहीत होतं. तू तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, सर, मी बघितल्यात, त्या साध्याच आहेत, फेकून देते.

मी बघितल्या होत्या. साध्या नव्हत्या. पहिल्याच नजरेत मला ते कळलं होतं.

फेकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी चिठ्ठी लिहिली. पेन्सिलनं, सुबक अक्षरात. जागा म्हणून देवळाच्या वरचा चढ टाकला, तारीख सोनारीच्या आदल्या दिवशीची, आणि गोळा करणारी म्हणून माझं नाव. पुढच्याच महिन्यात तुला कळंबचं स्थळ आलं. तू मला म्हणालीस, मंजू, मला ह्यातलं काही जमत नाही, एक चिठ्ठी नीट लिहिता येत नाही मला. मी काय केलं? तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तुझ्या हळदीला नाचले, जिलेबी वाढत फिरले. नळी माझ्या कपाटात होती. तुझं लग्न कदाचित तसंही झालं असतं, पण मला काही जमत नाही हे वाक्य बरोबर घेऊन तू सासरी गेलीस, आणि ते मी तुझ्या पदरात बांधलं होतं. पुढं तुझे फोन मीच उचलले नाहीत. तुला वाटलं असेल, मंजू मोठी झाली, शेफारली. नाही गं. तुझा आवाज ऐकायची लाज वाटायची.

गुरुवारी शेवटचा उपाय म्हणून नागूबाईला गाठलं. शेळ्या घेऊन अजून त्याच रस्त्यानं जाते, आता काठी टेकत. तिला नळी दाखवली, म्हटलं, मावशी, ह्या मुंग्या कुठल्या झाडावर असतात, मी सहा वर्षांपूर्वी इथूनच नेल्या होत्या. तिनं नळीकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. म्हणाली, तू कुठं व्हतीस त्या दिवशी? ती दुसरी पोरगी व्हती, गप गप बसनारी. म्या तिला म्हनलं, पोरी, त्या झाडाला टेकू नगं, चावत्यात. तर ती तिथंच मांडी घालून बसली. ती बरी हाय ना गं? मी पुन्हा झाडाचंच विचारलं. झाड तिला नीट आठवत नाही, पण चढावर नव्हतंच म्हणाली, खालच्या ओढ्याच्या अंगाला होतं. म्हणजे मी चार दिवस माझ्याच खोट्याच्या मागं फांद्या मोडत हिंडत होते.

घरी येताना एक युक्ती सुचली, आणि क्षणभर खूप बरं वाटलं. मुंगीला तुझं नाव द्यायचं! जगभरच्या पुस्तकांत कायमचं. पण आमच्याकडं रीत अशी की वर्णन करणारानं मुंगीला स्वतःचं नाव द्यायचं नसतं. तुझं नाव मुंगीला दिलं, तर लेखावर लिहिणारी म्हणून तुझं नाव लावता येत नाही, शोभत नाही ते. दोन्हीपैकी एकच. मग माझं मलाच हसू आलं. चोरीवर पांघरूणच होतं ते. चोरलेली वस्तू माझ्याकडंच ठेवून मी तुला भेट द्यायला निघाले होते. मुंगीला नाव रामलिंगचं राहील. लेखावर पहिलं नाव तुझं, दुसरं माझं, आणि दुसरं नको म्हणालीस तर तेही नाही. काल संपादकांना सगळं जसंच्या तसं कळवलंय, कुणी शोधली, चिठ्ठी कुणी बदलली, सगळं. लेख थांबवा म्हटलंय. सरांनाही फोन केला. ते एवढंच म्हणाले, त्या पोरीला मी लॅबमध्ये बोललो होतो.

सुरुवातीला वाटलं होतं, तुझी हिरव्या पुठ्ठ्याची वही मागायला हे पत्र लिहितेय, जागा कळली की झालं. पण लिहिता लिहिता कळलं, वही नंतरची गोष्ट. पाकिटात बोटाच्या पेराएवढा कागद आहे, बघ. जाड आहे, स्पिरिटमध्ये टिकणारा. माझी चिठ्ठी मी नळीतून काढलीय, आणि मुंगी आता नुसती मेलेली मुंगी आहे. जागा, तारीख, गोळा करणारी, एवढंच लिहायचंय, तुझ्या अक्षरात. नाही लिहावंसं वाटलं तर लिहू नकोस. मग ती बिनचिठ्ठीची राहील, मी पुन्हा माझ्या हातानं तिला काही लिहिणार नाही. कागदासोबत पेन्सिलही ठेवलीय, टोक करून. एक चिठ्ठी तुला नीट लिहिता येत होती, शिवे. पेन्सिल तेवढी नव्हती.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
मंजुषा